पुलावरची जवारी

तुम्ही खोटं बोललात, साहेब. शपथेवर, सरकारी शिक्क्याखाली, छापून खोटं बोललात.

तुमच्या चौकशी अहवालात लिहिलंय, 'घटनेच्या वेळी पुलावर प्रशासनाकडून कोणतीही सूचना देण्यात आली नव्हती. ध्वनिमापक यंत्रे सामान्य पातळीवर होती. मोर्चाच्या म्होरक्याने ओरडून अफवा पसरवल्याने चेंगराचेंगरी झाली.' हे लिहिताना हात थांबला नाही तुमचा? अख्खा पूल एका क्षणात मागं वळवणारी आरोळी तुमच्या मीटरला ऐकूच गेली नाही, हे तुम्हाला खटकलं नाही? मीटर खरं बोलत होतं. मीटरच्या आड बसून तुम्ही खोटं बोलत होता. आणि माणसं हाकायची ही नवी रीत चालवायला ज्या बाईची अक्कल तुम्ही वापरली, तिचं नाव अहवालात एकदाही आलं नाही. ते इथं, माझ्या ह्या उघड्या पत्रात येईल. निलोफर दस्तगीर शिकलगार, राहणार मिरज.

निलोफरच्या घरात तानपुरे बनत. बाप दस्तगीर, त्याचा बाप, त्याचाही बाप, सगळे भोपळ्याच्या वासात वाढलेले. पण दस्तगीरचं नाव होतं ते जवारीसाठी. तानपुऱ्याच्या पोटावर हाडाची एक बसकी घोडी असते, तिच्यावरून तारा जातात. त्या घोडीचा माथा कानशीनं असा घासायचा की तार तिच्यावर टेकूही नये आणि सुटूही नये, नुसती चाटून जावी. मग एका तारेतून सुरांचं मोहोळ उठतं. ह्या घासण्याला म्हणायचं जवारी काढणं. दस्तगीरच्या जवारीत पंचम जरा मागून फुलायचा. बाकीचे सूर येऊन बसले की मग हळूच, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा. दुसऱ्या कारागिराला ते साधत नसे, आणि दस्तगीरला ते टाळता येत नसे.

"खोट आहे ती," तो स्वतःच म्हणायचा. "पण गिऱ्हाईक तिच्यावरच फिदा. मी काय करू?"

निलोफरनं भोपळ्याला हात लावला नाही. तिला तारा नको होत्या, वायरी हव्या होत्या. जुन्या कीबोर्डची पोटं फाडून ती त्यातून असले आवाज काढायची की शेजारची खाला भिंतीवर मूठ आपटायची. तिचा भाऊ सिकंदर म्हणायचा, "अब्बा, हिचं लग्न एखाद्या जनरेटरशी लावा. जोडा शोभेल." सिकंदर दवाखान्यात कंत्राटी वॉर्डबॉय होता आणि घरी आला की फिनेलचा वास आणि थट्टा दोन्ही सोबत आणायचा.

तोवर आवाजबंदीचा कायदा आला होता. चौकाचौकांत मीटर लागले. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंती भंगारात गेल्या, आणि त्यांना आवाज बनवून देणाऱ्या निलोफरसारख्यांची रोजीरोटीही त्यांच्यासोबत गेली. त्याच सुमाराला तिला अवधूत कोष्टी भेटला. इचलकरंजीचा, पदार्थविज्ञान शिकलेला, कापड कापायच्या लेसर यंत्रांवर काम करणारा, आणि फावल्या वेळात सगळ्यांना शहाणपण शिकवणारा.

"मीटर कुठला आवाज मोजतो?" त्यानं पहिल्याच भेटीत विचारलं.

"मीटरपाशी येतो तो."

"आणि आवाज मीटरपाशी गेलाच नाही तर? सरळ ऐकणाऱ्याच्या कानापाशीच जन्माला आला तर?"

कल्पना त्याची नव्हती, विज्ञानाची होती. हवेत पाण्याची वाफ असते. डोळ्याला न दिसणारा एक विशिष्ट लेसर किरण ती वाफ शोषून घेते. किरण शोषला गेला की तेवढी हवा किंचित तापते, फुगते. लेसर चालू-बंद केला की हवा फुगते-आकसते, फुगते-आकसते. हवेचं हे फुगणं-आकसणं म्हणजेच आवाज. ना स्पीकर, ना वायर, ना हेडफोन. लांबून एक अदृश्य किरण यायचा आणि माणसाच्या कानाशी हवाच बोलायला लागायची. त्यात आणखी एक गंमत. किरण नुसता रोखून न धरता आवाजाच्याच वेगानं आडवा फिरवला, तर मागची लहर पुढच्या लहरीवर चढत जाते, पाण्यातली होडी लाटेच्या वेगानं चालली की पुढची लाट फुगते तशी. पण हे एका ठरावीक अंतरावरच घडतं. त्याच्या अलीकडं शांत, पलीकडं शांत. दहा माणसांत एकालाच ऐकू जाईल आणि बाकीच्यांना तो वेडा वाटेल.

दोघांनी मिळून यंत्र जोडलं. आवाज आला, पण मेलेला आला. डबक्यावरच्या डासासारखा बारीक आणि कोरडा. कितीही ताकद वाढवली तरी डास मोठा होईना.

दस्तगीरनं एकदा येऊन ऐकला आणि तोंड वाकडं केलं. "तार घोडीवर बसवून ठेवलीस की गं. बसली की मेली. तिला चाटून जाऊ दे."

निलोफर हसली. मग हसायची थांबली. त्या दिवसापासून तिनं किरण कानावर थांबवणं सोडलं. किरण कानाला घासून पुढं जाईल, परत येईल, आणि प्रत्येक घासणीला वरचे सूर एकेक करून फुलतील असं गणित तिनं बसवलं. बसवताना ती कानावर भरवसा ठेवत गेली, आणि तिचा कान बापाच्या घरात तयार झालेला. गणित पुरं झालं तेव्हा पंचम मागून फुलत होता. तिला ते जाणवलंच नाही. आपल्या घरचा वास आपल्याला कुठं येतो?

आता आवाज कानाशी येत नव्हता. तो डोक्याच्या आत उगवत होता.

बंद पडलेल्या जिनिंग मिलच्या आवारात त्यांची पहिली मैफल झाली. शेकडो पोरं नाचत होती आणि फाटकावरचा कुत्रा गाढ झोपला होता. डावीकडच्यांना ढोलकी, उजवीकडच्यांना सारंगीसारखं काहीतरी, मधल्यांना दोन्ही. अवधूतनं कॅमेरे लावले होते. यंत्र प्रत्येकाची मान, पापणी, पाय बघायचं. ज्या सुराला मान हलली तो सूर त्या माणसासाठी धरून ठेवायचं, नाही हलली की बदलायचं. मैफल संपता संपता प्रत्येकजण आपापल्या आवाजावर डोलत होता. एक बाई बाहेर येऊन कट्ट्यावर बसली आणि म्हणाली, "माझी आई गुणगुणत होती. पोरी, तू तिला कुठनं आणलीस?"

निलोफरनं कुणालाच आणलं नव्हतं. बाईच्या मान हलवण्यातून यंत्रानंच आई जुळवली होती.

"हे जरा भीतीदायक आहे," निलोफर म्हणाली.

"हे जरा जबरदस्त आहे," अवधूत म्हणाला.

मग एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, खातं कुठलं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्यांनी मैफल ऐकली नाही, गर्दी बघितली. दुकानात बसून चहा घेताना म्हणाले, "पुराच्या वेळी आम्ही भोंगे लावून सांगतो, घरं सोडा. लोक सोडत नाहीत. भोंग्याचं कोण ऐकतं? पण एकेकाच्या कानात, त्याच्या विश्वासाच्या आवाजात सांगितलं तर?"

कृष्णेचा पूर निलोफरनं बघितला होता. माळ्यावर चढून बसलेली, हाका मारल्या तरी न उतरणारी माणसं बघितली होती. तिनं होकार दिला. त्या पावसाळ्यात खरंच गल्ल्याच्या गल्ल्या मुकाट्यानं रिकाम्या झाल्या. म्हातारेसुद्धा विचारल्यावर म्हणत, "कुणी सांगितलं नाही बाबा, मलाच वाटलं निघावं." पेपरात प्रशासनाचं कौतुक आलं. निलोफरला अभिमान वाटला, आणि त्या 'मलाच वाटलं'वर तिनं विचार केला नाही. यंत्र सरकारजमा झालं, अवधूत त्याच्यासोबत नोकरीला गेला. तिच्याकडं राहिलं ते पहिलं, हातानं जोडलेलं खोकं.

पुढच्या हिवाळ्यात कंत्राटी दवाखाना कामगारांचा मोर्चा निघाला. पगार अडले होते, माणसं काढली जात होती. नदीपलीकडं मंत्र्यांचा कार्यक्रम होता, तिथवर चालत जायचं होतं. पुढं सिकंदर. भोंग्याला परवानगी नव्हती म्हणून त्यानं तोंडावर काळी पट्टी बांधली होती. मुका मोर्चा. हे नीट वाचा, साहेब. ज्यानं ओरडून अफवा पसरवली म्हणता, त्याचं तोंड बांधलेलं होतं. फोटो आहेत. तुम्ही ते 'अस्पष्ट' ठरवले.

दस्तगीरही गेला होता. "पोरगा चाललाय, तर बाप काय दुकानात माश्या मारू?" म्हणून.

सकाळची वेळ, नदीवर दाट धुकं. किरणाला याहून सोयीची हवा नाही, कारण जितकी वाफ तितका आवाज. मोर्चाचा पुढचा भाग पुलाच्या मध्यावर आला आणि शेकडो माणसं एकदम थबकली. एकदम वळली. कुणी ओरडलं नाही, कुणी कुणाला विचारलं नाही. प्रत्येकाच्या डोक्यात कुणीतरी आपलं, आई, बाप, मेलेली बायको, शांतपणे म्हणालं, 'पूल खचतोय. मागं पळ.'

पूल खचत नव्हता. पूल आजही उभा आहे. तुम्ही त्याच्यावरून गाडीनं जाता.

मागच्या माणसांना काहीच ऐकू गेलं नव्हतं. ती रस्त्यावर होती, तिथं ऊन पडलं होतं, धुकं विरलं होतं. ती चालतच राहिली. पुढची मागं धावली. मधली चिरडली. सुमन ऐवळे त्यात गेली. वॉर्डात आईवेगळ्या बाळांना बाटलीनं दूध पाजणारी. आणखीही गेली. सिकंदर लोकांना अडवायला उलटा धावला, तोच तुमच्या कॅमेऱ्यात 'म्होरक्या' म्हणून सापडला. संध्याकाळी तो कोठडीत होता.

दस्तगीर दवाखान्यात सापडला. कठड्यात अडकून उजवा हात चुरडला होता, कानस धरायचा हात. निलोफर उशाशी बसली.

"अब्बा, दुखतंय का?"

"माझी अम्मी बोलली कानात. 'दस्तू, पळ,' म्हणाली. दस्तू मला तिच्याशिवाय कुणी म्हणत नाही."

"तुम्ही घाबरला होता..."

"ऐक. अम्मी बोलली, आणि तिच्या मागनं पंचम फुलला. उशिरा." त्यानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. त्याच्या नजरेत राग असता तर तिला सोसलं असतं. "ती जवारी आपल्या घरातली होती, निलू."

तिनं त्याच्या बांधलेल्या हातावरची चादर सारखी केली आणि उठली.

अवधूतला तिनं इचलकरंजीत त्याच्या घरी गाठलं. सुट्टी टाकून बसला होता, दाढी वाढलेली. त्याची आई चहा ठेवून आत गेली.

"बटण कुणी दाबलं?" निलोफरनं बसायच्या आधीच विचारलं.

"बस तरी."

"सिकंदर आत आहे, अवधूत. तुझ्या जेवणाच्या डब्यातली पोळी चोरणारा सिकंदर. अब्बांचा हात गेला. बटण कुणी दाबलं?"

"मी." तो कपाकडं बघत म्हणाला. "मीच दाबलं."

"कुणी सांगितलं?"

तो हसल्यासारखं काहीतरी करून गेला. "तेच तर कळत नाही. आता हुकूम कागदावर येत नाहीत, फोनवरही येत नाहीत. आमच्या खोलीतसुद्धा तुझाच किरण आहे. कानात येतं. त्या सकाळी मी पडद्यावर मोर्चा बघत होतो आणि मला वाटलं, पूल जुना आहे, इतकी माणसं, यांना मागं फिरवायला पाहिजे. माझ्याच आवाजात वाटलं. माझ्याच शब्दांत. मी दाबलं. मग... मग त्या वाटण्याच्या मागनं ती तुझ्या बापाची खोट फुलली." त्यानं डोळे मिटले. "मीच ठरवलं की माझ्याकडनं ठरवून घेतलं, ते मला कधीच कळणार नाही, निलू."

"चौकशीत सांग हे."

"काय सांगू? माझ्या डोक्यात आवाज आला म्हणून? वेड्यांच्या दवाखान्यात टाकतील. आणि समजा खरं मानलं, तर बटण माझंच. फाशी मलाच."

"मग सिकंदरनं भोगायचं?"

त्यानं कप बाजूला सारला. आतून त्याची आई म्हणाली, "चहा निवला गं," आणि त्या साध्या वाक्यानं दोघंही दचकले. आवाज नेमका कुठून आला हे बघायला दोघांनीही मान वळवली. आता सगळ्या मुलखाला ही सवय लागणार होती.

चौकशीच्या दिवशी निलोफर आपलं खोकं घेऊन गेली. दारात अडवलं, तेव्हा 'पुरावा' म्हणून नोंदवून आत नेऊ दिलं. खोली गार आणि कोरडी, एसी घरघरत होता. उंच खुर्चीवर तुम्ही, साहेब, चौकशीचे अध्यक्ष. तुम्हाला तिनं लगेच ओळखलं. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. तिच्याच दुकानात बसून चहा प्यायला होता तुम्ही. तुम्ही मात्र तिला ओळखलं नाहीत. शेजारी लघुलेखक, समोर वकील, भिंतीवर आवाजाचं मीटर. तिनं सगळं सांगितलं. यंत्र आपलं आहे, गणित आपलं आहे, भाऊ निर्दोष आहे, आपल्याला काय शिक्षा द्यायची ती द्या.

तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "बाई, असा आवाज तुमच्याशिवाय कुणी मोजलाय?"

"माझ्या वडिलांनी ओळखलाय."

"त्यांचं वय, धक्का, कानातली गुणगुण. वैद्यकीय अहवाल आहे आमच्याकडं."

"मग तुम्हालाच ऐकवते. एसी बंद करा, हवा कोरडी आहे."

"एसी बंद करण्याची तरतूद नाही."

लोक हसले. तिनं वाद घातला नाही. खोकं चालू करून ती तशीच उभी राहिली. वकिलांचे इतर प्रश्न चालू राहिले. मग शिपायानं तुमच्यापुढं चहा ठेवला. वाफाळता, काठोकाठ. तुम्ही कप उचललात, तोंडाशी नेलात, आणि वाफ गालावरून कानाकडं चढली. तेवढ्यासाठीच ती थांबली होती.

तिनं ओठांशी माइक धरला आणि पुटपुटली. शेजारी बसलेल्या लघुलेखकाला ऐकू गेलं नाही. मीटरचा काटा हलला नाही. पण तुमचा कप बशीवर आदळला, साहेब. चहा कागदांवर सांडला. तुमचा चेहरा असा झाला, जसा आईनं नको त्या वेळी हाक मारल्यावर पोराचा होतो. तुम्ही मागं वळून बघितलंत. मागं भिंत होती.

"ऐकलंत?" निलोफर म्हणाली.

सगळी खोली तुमच्याकडं बघत होती. तुम्ही रुमाल काढलात, हात पुसलात, एकेक बोट.

"काही ऐकू आलं नाही," तुम्ही म्हणालात.

"मीटर कानाशी धरा. पुन्हा बोलते."

"अध्यक्षांच्या अंगाला यंत्र लावण्याची तरतूद नाही."

"मग ह्या लघुलेखकबाईंच्या कानाशी धरा! ह्यांच्या! त्या शिपायाच्या!"

"यंत्र जप्त करा," तुम्ही म्हणालात, आणि तुमचा आवाज पहिल्यांदा चढला. तेव्हा काटा हलला. तेवढाच आवाज त्या दिवशीच्या नोंदीत आहे. बाकी नोंदीत लिहिलंय, 'साक्षीदारास बोलण्याची संधी दिली असता ती काही काळ निःशब्द उभी राहिली.'

अशा रीतीनं तुमचा अहवाल पूर्ण झाला. सिकंदर आत आहे. भेटीला गेलं की तो थट्टा करत नाही, आधी इकडंतिकडं बघतो आणि विचारतो, "निलू, हे तूच बोलालीस न्हवं?" दस्तगीर डाव्या हातानं कानस धरायला शिकतोय. त्याला पंचम वेळेवर फुलवायचाय, खोट काढून टाकायचीय, आणि ती निघत नाही. किरण आता बसस्टँडवर बसलेत, शाळेच्या फाटकावर, मतदान केंद्राच्या रांगेवर. लोक शहाण्यासारखे वागतात. विचारलं तर म्हणतात, मलाच वाटलं.

पण तुम्हाला त्या दिवशी 'वाटलं' नव्हतं, साहेब. तुम्ही ऐकलं होतं. तिनं मुद्दाम कुणाची आई, कुणाचा बाप वापरला नाही. स्वतःच्या आवाजात, मिरजेच्या साध्या बोलीत एकच प्रश्न विचारला होता, आणि तो तुमच्या डोक्यात अजून घासत असणार. सगळे सूर येऊन बसले की मागून एक उशिरा फुलत असणार. झोपताना, जेवताना, सही करताना.

प्रश्न पुन्हा विचारतो. ह्या वेळी तुमच्या एकट्याच्या कानात नाही, सगळ्यांसमोर, छापून. मीटर लावा, लघुलेखक बसवा, एसी चालू ठेवा.

लोकांना मागं पळवायचा हुकूम अवधूतच्या कानात कुणी घातला?

ऐकू आलं नाही म्हणू नका. उत्तर द्या.